विचारलं होतंस ना?

कोल्हापुरात मटणाच्या दुकानात उभं राहून 'हे हलाल आहे का' असं मी कधी विचारलेलं नाही. विचारायची गरजच पडली नाही. आमच्या भागात खेडोपाडी जत्रेतलं बकरंसुद्धा मुलाण्याच्या हातून कापलं जातं आणि ते मटण सगळं गाव जेवतं. मुलाण्याला गावगाड्यात त्याचा मान असतो. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पंगतीला बसताना कुणाच्या मनात शंका येत नाही, हिंदूच्या नाही आणि मुसलमानाच्याही नाही. जो प्रश्न घरी कधी पडला नाही, तो परगावी नेमका कसा विचारायचा याची मला सवय नव्हती. ही सबब म्हणून सांगत नाही. माझी चूक कुठून सुरू झाली, ते सांगते आहे.

मी शिक्षिका. शाळेच्या सहली वर्षानुवर्षं माझ्याकडे असत. कुठल्या एसटीत किती मुलं, कुणाला गाडी लागते, रात्रीची हजेरी किती वाजता, हे सगळं माझ्या वहीत असायचं. त्यामुळे निवृत्तीनंतर घरात राजस्थानचा बेत निघाला, तेव्हा आखणी माझ्याकडेच आली. नातवंडांना वाघ बघायचा होता. मुलाला आणि सुनेला वाळवंटात रात्र काढायची होती. दीर, जाऊ आणि त्यांची मुलं येणार होती. सासूबाई, म्हणजे आम्हां सगळ्यांच्या अम्मी, सत्तरी ओलांडलेल्या. मधुमेहाच्या गोळ्या चालू, पण चालत्याफिरत्या. नाताळच्या सुट्टीत आधी रणथंभोर आणि तिथून जैसलमेर, असं ठरलं.

रणथंभोरचं आरक्षण किचकट असतं. उद्यानाचे दहा विभाग, त्यांतले पहिले पाच मुख्य जंगलातले. जुलै ते सप्टेंबर हे पाच बंद असतात आणि ऑक्टोबरपासून पर्यटकांची रीघ लागते. जिप्सीत सहा जण बसतात, कँटरमध्ये वीस. आरक्षणाच्या वेळीच प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो आणि फाटकावर तेच ओळखपत्र दाखवावं लागतं. अम्मींच्या आधारकार्डावरचं नाव आणि मतदार ओळखपत्रावरचं नाव यांत एका अक्षराचा फरक होता. तो मी आधीच हेरला. नाताळातल्या जिप्सी फार लवकर संपतात, म्हणून गणपतीच्याही आधी मी हे काम उरकलं. सकाळच्या सफारीला निघण्याआधी फजरची नमाज होते; दुपारच्या सफारीत मात्र असर अडकते, कारण जंगलात गाडीतून खाली उतरायची परवानगी नसते. म्हणून अम्मींसाठी फक्त सकाळच्या फेऱ्या घेतल्या. वाळवंटात डिसेंबरच्या रात्री पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा प्रत्येकाच्या पिशवीत कानटोपी आणि जाड मोजे.

वहीतलं शेवटचं पान जेवणाचं होतं. हॉटेल आणि तंबू या दोन्हींचं काम एका एजंटकडे दिलं होतं. त्याला मी मोबाइलवर लिहिलं, "आम्ही मुस्लिम कुटुंब आहोत. हलाल जेवणाची सोय होईल ना?" थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं, "हो मॅडम, व्हेज-नॉनव्हेज दोन्ही मिळेल. निश्चिंत या." मी ते वाचलं आणि वहीत 'जेवण – विचारलं' असं लिहून त्यापुढे बरोबरची खूण केली.

तो निरोप मी नंतर पुष्कळदा वाचला. मी विचारलेल्या गोष्टीचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता. शाळेत एखाद्या मुलाने असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला गुण दिले नसते. पण तेव्हा मला कामं संपवायची घाई होती आणि 'हो' हा शब्द मला पुरला.

त्याच आठवड्यात मी अजमेर कापलं. सवाई माधोपूरहून जयपूर आणि जयपूरहून रात्रीच्या गाडीने जैसलमेर, असा मार्ग बसला होता. अम्मींनी एकदाच विचारलं, "अजमेर वाटेवरच आहे ना?" जयपूरपासून अजमेर रेल्वेने दोन-अडीच तासांवर आहे, म्हटलं तर वाटेवरच. पण तिथे थांबायचं तर वाळवंटातली एक रात्र जात होती आणि मुलांचा सगळा जीव वाळवंटात होता. मी म्हणाले, "पुढच्या वेळी जाऊ, अम्मी." त्या बरं म्हणाल्या. ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींच्या दर्ग्याच्या आवारात दोन मोठ्या देगी आहेत. मोठी अकबराने दिलेली, धाकटी जहांगीरने. त्यांत तांदूळ, तूप, साखर, केशर आणि सुकामेवा घालून गोड भात शिजतो. मांसाचा तुकडा त्यात पडत नाही, कांदा-लसूणही नाही, कारण तो भात कुणालाही खाता यावा. अम्मींनी हे त्यांच्या वडिलांकडून ऐकलं होतं आणि त्यांना तो भात खायचा होता. मी ते एका खोडलेल्या ओळीत संपवलं.

मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी निघालो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सवाई माधोपूरला उतरलो. पहिल्या रात्री हॉटेलात लाल मांस होतं. मथानियाच्या लाल मिरच्या, लसूण आणि तूप घालून केलेला तो गडद रस्सा; कोल्हापूरच्या माणसाला तो परका वाटत नाही. प्रवासाने सगळे भुकेजले होते. दिरांनी दोनदा मागून घेतलं. अम्मी एरवी रात्री हलकं खातात, पण त्यांनीही दोन फोडी घेतल्या आणि म्हणाल्या, "मटण छान शिजलंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे जंगलात गेलो. धोकाची झाडं थंडीत पानं गाळून उभी होती. राजबाग तलावाच्या काठी सांबरं गुडघाभर पाण्यात चरत होती. अचानक एकाने मान वर करून इशारा दिला आणि वाटाड्याने हात वर केला. जिप्सीतल्या पोरांनी श्वास रोखून धरले. पडक्या भिंतीआडून वाघीण आली, आमच्याकडे न बघता काठाकाठाने गेली आणि गवतात शिरली. धाकट्या नातवाने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं वळली. परतताना अम्मी दुआ पुटपुटत होत्या. त्या सकाळी माझ्या आखणीत काही उणं नव्हतं.

अम्मींची एक सवय आहे. कुठेही जेवल्या तरी दुसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरात डोकावून रांधणाऱ्याला चार शब्द बोलून येतात. त्या दुपारीही गेल्या. मी सोबत होते. आचारी मध्यमवयीन, बोलायला आदबशीर माणूस. अम्मींनी मटणाची तारीफ केली आणि सहज विचारलं, मटण गावातल्या आपल्या माणसाकडून येतं ना? त्याने आमच्याकडे पाहिलं, हातातला झारा खाली ठेवला आणि सरळ सांगितलं, "नाही माँजी. आमच्याकडे झटक्याचंच येतं. तुम्ही आधी कळवलं असतं तर मी वेगळं आणवलं असतं. गावात मिळतं."

त्याने काही लपवलं नव्हतं. राजपुतांच्या स्वयंपाकात झटक्याचं मटण ही जुनी रीत आहे आणि त्या भागातल्या हॉटेलात ते मिळावं यात नवल काही नाही. त्याच्या स्वयंपाकघरात त्याच्या रीतीने अन्न शिजत होतं. सवाई माधोपूर गावात मुसलमानांची वस्ती आहे. तिथून मटण आणणं त्याला अवघड नव्हतं. कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं, इतकंच.

खोलीत परतल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ह्यांनी अम्मींना समजावलं की नकळत खाल्लेल्याचा गुन्हा नसतो. अम्मींना ते आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "अल्लाह माफ करणारा आहे." आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "बेटा, तू विचारलं होतंस ना?"

मी म्हणाले, "हो."

माझी खरी चूक ती. एजंटचं उत्तर नीट न वाचणं हा निष्काळजीपणा होता, आणि निष्काळजीपणा माणसाकडून होतो. पण त्या क्षणी मला स्पष्ट माहीत होतं की मी विचारलं असलं तरी उत्तर घेतलं नव्हतं. ते सांगायची संधी समोर होती आणि मी 'हो' म्हणून मोकळी झाले. त्या एका शब्दाने सगळा दोष एजंटवर गेला. दिरांनी त्याला फोन करून खडसावलं. तो पलीकडून काही सांगू पाहत होता, बहुधा माझा निरोप आणि त्याचं उत्तर वाचून दाखवणार होता. दिरांनी ऐकून घेतलं नाही. मी शेजारीच बसून होते आणि गप्प राहिले.

त्यानंतर मी आणखी एक गोष्ट केली, आणि तेव्हा ती मला शहाणपणाची वाटली. उरलेला सगळा प्रवास शाकाहारी, असं मी जाहीर केलं. जैसलमेरच्या तंबूवाल्यांना निरोप धाडला: सगळ्यांना फक्त व्हेज. कुणाला विचारलं नाही, तिथे काय मिळतं याची चौकशी केली नाही. एकदा हात पोळले होते. आता प्रश्नच नको, असं वाटलं.

राजस्थानी शाकाहारी जेवणात खोट काढायला जागा नाही. केर-सांगरीची भाजी तर अशी की पाणी दुर्मिळ असलेल्या मुलखाने ती शतकानुशतकं जपून ठेवली: केराची फळं आणि खेजडीच्या शेंगा, दोन्ही वाळवलेल्या, तेल-मसाल्यात परतलेल्या. गट्ट्याची भाजी, कढी, दाल-बाटी. आम्ही मोठे खुशाल जेवलो. पण अम्मींना कवळी होती. बाजरीची जाड रोटी त्यांच्याने चावत नसे, बाटी त्याहून नाही. त्या कढीत रोटी कुस्करून थोडं खात आणि ताट सारत. शिवाय त्या दुपारनंतर कुठल्याही स्वयंपाकघराबद्दल त्यांच्या मनात किंतु राहिला होता. एकच डाव, एकच तेल वापरलं असेल का? त्या विचारत नव्हत्या, कमी खात होत्या. घरून आणलेले चिवडा-शंकरपाळे जयपूरच्या फलाटावरच संपले. मला हे सगळं दिसत होतं. दोन दिवसांचा प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगत राहिले.

जैसलमेरला दिवसभर किल्ला पाहिला. बाराव्या शतकातला तो पिवळ्या दगडाचा किल्ला, ज्यात आजही माणसं राहतात. चढ-उतार फार झाले. संध्याकाळी शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर समच्या वाळूत पोचलो. मुलं उंटांवर बसली, सूर्य वाळूच्या कडेला टेकला. मग गाण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मांगणियार कलावंत आले होते. एकाच्या मांडीवर कमायचा, दुसऱ्याच्या बोटांत खडताल. गाणं रंगलं. शेजारच्या तंबूंमधून मोठमोठ्या ध्वनिवर्धकांचा दणदणाट येत होता, तरी त्या म्हाताऱ्या गायकाचा आवाज त्यावर राहिला.

जेवण कार्यक्रमानंतर होतं. हे मला माहीत नव्हतं, कारण जेवणाची वेळ मी विचारलीच नव्हती. शाळेच्या सहलीत ती माझ्या वहीत पहिल्या ओळीला असायची. अम्मींनी त्यांची जेवणाआधीची गोळी रोजच्या वेळेला, आठच्या सुमारास घेतली होती. दुपारचं जेवण जेमतेम झालेलं, दिवसभराची पायपीट, आणि साडेनऊ वाजून गेले तरी ताट नाही.

सुनेच्या लक्षात आलं. ती त्यांच्या शेजारी बसली होती. तिने मला हाक मारली तेव्हा अम्मी थंडीत घामाने चिंब झाल्या होत्या, हात थरथरत होते आणि त्या माझ्याकडे पाहून माझ्या जावेच्या नावाने बोलत होत्या. सुनेने बोटाला सुई टोचून तपासलं. साखर साठच्या खाली गेलेली. कुणीतरी स्वयंपाकघरातून साखर आणली, आम्ही ती पाण्यात ढवळून चमच्या-चमच्याने पाजली. भोवती काळोख, वाळू आणि थंडी. इस्पितळ जैसलमेर शहरात. ते पाणी त्यांच्या घशाखाली उतरत होतं तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते मी लिहिणार नाही. पंधरा-वीस मिनिटांत त्या सावरल्या आणि त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली.

साखर घेऊन आलेला माणूस तिथला आचारी होता. अम्मी शुद्धीवर आल्यावर तो खाली वाळूत बसला आणि त्यांना म्हणाला, "अम्मा, गरम शोरबा आहे मुर्गीचा. दोन घोट घ्या, बरं वाटेल." मी लगेच म्हणाले, आम्ही व्हेजच सांगितलंय. तो गोंधळला. "का? मुर्गी मीच हलाल केली आहे," तो म्हणाला. तो जवळच्याच गावचा मुसलमान. जैसलमेरच्या पश्चिमेला मुसलमानांची गावंच्या गावं आहेत. तिथले उंटवाले, आचारी, वाढपी पुष्कळदा त्याच गावांतले असतात. मघाशी गाणारे मांगणियारही मुसलमान. पिढ्यान्‌पिढ्या ते राजपूत यजमानांच्या घरी लग्नाला आणि जन्माला गात आले आहेत. तेही याच स्वयंपाकघरात जेवणार होते. आम्हां मंडळींची नावं यादीत वाचून आचाऱ्याला वाटलं होतं की आमचं काहीतरी पथ्य असेल.

अम्मींनी शोरबा घेतला. त्यात मऊ फुलका कुस्करून खाल्ला.

एके ठिकाणी मी हलाल असेल असं धरून चालले, दुसऱ्या ठिकाणी नसेल असं धरून चालले. दोन्हीकडे सांगणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता आणि दोघेही खरं बोलणारे होते. एका फोनचं काम होतं.

त्या रात्री अम्मी झोपल्यावर मी तंबूबाहेर पुष्कळ वेळ बसले. सकाळी चहाच्या वेळी त्यांच्यासमोर मोबाइल धरला आणि माझा निरोप व एजंटचं उत्तर, दोन्ही वाचून दाखवलं. मी म्हणाले, "अम्मी, मी विचारलं होतं, पण त्याने उत्तर दिलं नव्हतं. मला ते कळायला हवं होतं. आणि त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मला ते कळलेलं होतं." त्यांनी चहा संपवला आणि म्हणाल्या, "मग तेव्हाच सांगायचंस. मी रागावले असते, आणि दूध-भात मागून जेवले असते." एवढंच बोलल्या. घरी आल्यावर दिरांनाही मी सांगितलं आणि एजंटला फोन करून त्याची माफी मागितली. तो सभ्य माणूस होता, त्याने विषय वाढवला नाही.

पुढे अम्मींना घेऊन आम्ही पुन्हा राजस्थानात गेलो. या वेळी आधी अजमेर ठरवलं आणि बाकीचं त्याच्याभोवती बसवलं. राहण्याच्या प्रत्येक ठिकाणी थेट आचाऱ्याशी बोलले: मटण कुणाकडून येतं, कोण कापतं, भाजीचं तेल वेगळं असतं का, रात्री ताट किती वाजता लागतं, मऊ पोळी होईल का. कुणाला हे प्रश्न जड गेले नाहीत. एका ठिकाणच्या आचाऱ्याने स्वच्छ सांगितलं की आमच्याकडे हलाल मिळणार नाही, पण खिचडी-कढी आठ वाजता तयार ठेवतो. तिथे आम्ही खिचडी-कढी आनंदाने जेवलो. समच्या दणदणाटापेक्षा खुडीची वाळू निवांत, म्हणून तिथे राहिलो. अजमेरला अम्मींनी देगेतला भात पानाच्या द्रोणात घेतला आणि आम्हां सगळ्यांना एकेक घास भरवला.

तरी एक गोष्ट जागेवर आली नाही. पूर्वी अम्मी माझ्या शब्दावर ताटावर बसायच्या. आता माझ्यासोबत कुठेही गेल्या तरी पहिला घास घेण्याआधी वाढणाऱ्याला स्वतः विचारतात. त्यात मला टोचायचा हेतू नसतो. मी शेजारी असते आणि त्या माझ्याकडे बघून हसतात सुद्धा. पण विचारतात. लाल मांसाच्या दोन फोडींनी हे झालेलं नाही. त्या अम्मींनी दुसऱ्याच दिवशी अल्लाहवर सोपवल्या होत्या. हे झालं ते माझ्या 'हो'ने.

तुमच्याही घरात सहलीची वही तुमच्याकडे असेल, तर तिच्यात 'विचारलं' असं लिहू नका. कुणी काय उत्तर दिलं, ते लिहा.